विश्लेषण : चाबूक न उगारता शिंगरू शिकवता येते का? घोडा दाबाने नव्हे, सुटकेने शिकतो तो कसा?

मराठीत घोडा शिकवणाऱ्याला ‘चाबुकस्वार’ म्हणत. शिकवणे आणि चाबूक यांचे नाते इतके जुने, की ते या व्यवसायाच्या नावातच उतरले. मात्र घोडा कसा शिकतो याचा गेल्या काही दशकांत झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. शिंगराच्या शिक्षणाची सुरुवात त्याच्या पाठीवर नव्हे, तर त्याच्या शेजारी जमिनीवर उभे राहून व्हायला हवी आणि त्यात मारापेक्षा वेळेवर सैल सोडलेला दोर अधिक उपयोगी पडतो. ही पद्धत नेमकी काय आहे, ती कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमाने वापरायची, आणि घाई केली तर काय बिघडते?

हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाचा?

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा घोडेबाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतही घोड्यांचे व्यवहार होतात. अशा बाजारांतून शिंगरू किंवा दोन-अडीच वर्षांचा कोवळा घोडा घेणाऱ्यांत हौशी शेतकरी असतात, वरातीला घोडी देणारे असतात आणि रपेटीचे वर्ग चालवणारेही असतात. माथेरानसारख्या ठिकाणी तर घोडा हे अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे.

बाजारात देखणा, चपळ म्हणून घेतलेला हा घोडा घरी आल्यावर अडतो, बुजतो, चावतो, दोन पायांवर उभा राहतो. मग त्याच्यावर ‘खोडीचा’ असा शिक्का बसतो. शिक्का बसलेला घोडा फार दिवस एका दारात राहत नाही. तो पुढे विकला जातो आणि प्रत्येक व्यवहारात त्याची किंमत घटत जाते, काम मात्र अधिक कष्टाचे होत जाते. दुसरीकडे, साडेतीनशे-चारशे किलोचे घाबरलेले जनावर वरातीच्या गर्दीत किंवा रस्त्यावर उधळले, तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. त्यामुळे शिंगराला पहिल्या काही महिन्यांत कसे हाताळले, यावर घोड्याचे उरलेले आयुष्य आणि त्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

घोडा मुळात इतका बुजरा का?

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याच्याकडे शिंगे नाहीत, नख्या नाहीत. धोका दिसताच पळणे हाच त्याचा बचाव, आणि विचार करत थांबणारे घोडे उत्क्रांतीच्या शर्यतीत मागे पडले. जन्मल्यानंतर तास-दोन तासांत शिंगरू उभे राहते, ते यासाठीच. वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी पाहून घोडा बुजतो तेव्हा तो मूर्खपणा करत नसतो, तर लाखो वर्षांचे शहाणपण वापरत असतो.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. दोन जागा मात्र दिसत नाहीत. एक, बरोबर पाठीमागची आणि दुसरी, कपाळासमोर-नाकाखालची. म्हणूनच घोड्याकडे समोरून चेहऱ्यावर हात नेत किंवा मागून अचानक जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, तिरक्या रेषेत, आवाज देत जावे. घोड्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. लाल-हिरव्यातील फरक मात्र त्याला आपल्यासारखा कळत नाही.

माणसाच्या हालचाली वाचण्यात घोडा तरबेज असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. खूर आपटून तो बेरजेचे उत्तर देई. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले तेव्हा कळले, की घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहरा पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. शिकवणाऱ्याचा राग, घाई, भीती यांपैकी काहीही घोड्यापासून लपत नाही.

‘दाब आणि सुटका’ म्हणजे काय?

सौम्य प्रशिक्षणाचा पाया एका साध्या नियमावर उभा आहे. घोडा दाब पडल्यामुळे शिकत नाही, दाब सुटल्यामुळे शिकतो. समजा, शिंगराच्या तोंडाला म्होरकी आहे आणि दोर हलकेच पुढे ओढला आहे. शिंगरू गोंधळते, मान वर करते, मागे सरते. दोरावरचा दाब तसाच, न वाढवता, न झटकता ठेवायचा. कधी तरी ते अर्धे पाऊल पुढे टाकते. त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. पुढच्या वेळी ते लवकर पाऊल टाकते, कारण ‘पुढे गेले की त्रास थांबतो’ हे त्याला कळलेले असते.

सगळी कला त्या क्षणात आहे. पाऊल टाकल्यानंतरही दोर ताणलेला राहिला, तर शिंगराच्या दृष्टीने पुढे जाण्याला अर्थ उरत नाही. उलट, त्याने डोके झटकले, दोन पायांवर झाले आणि घाबरून माणसाने दोर सोडला, तर त्याने तोच धडा घेतला : झटका दिला की सुटका होते. अनेक ‘खोडीचे’ घोडे असे नकळत शिकवलेले असतात. घोड्याने खोड काढली असे वाटते, प्रत्यक्षात ती माणसाच्या हाताने चुकीच्या वेळी दिलेली शाबासकी असते.

याच्या जोडीला बक्षीस येते. मूठभर हरभरे किंवा गाजराचा तुकडा उपयोगी पडतो, पण हातातून सारखा खाऊ दिला तर काही शिंगरे खिसे हुंगू लागतात, मग चावू लागतात. त्यामुळे खाऊ कधी द्यायचा याची शिस्त हवी. आणखी एक बिनखर्चाचे बक्षीस आहे. मान जिथे पाठीला मिळते, आयाळ संपते, तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मानेवर जोरात थाप मारण्यापेक्षा असे खाजवणे घोड्याला अधिक कळते.

सुरुवात कोणत्या वयात करावी?

हाताळण्याची सुरुवात लवकर, पाठीवर बसण्याची उशिरा, असे याचे सूत्र आहे. पहिल्या दिवसांत शिंगरापेक्षा त्याच्या आईकडे लक्ष देणे फायद्याचे ठरते. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, शिंगरू जन्मल्यानंतरचे पहिले काही दिवस फक्त घोडीला शांतपणे खरारा केला. शिंगराला हात लावला नाही. तरीही ती शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक निर्धास्तपणे येत. आई घाबरत नाही, म्हणजे हा माणूस धोक्याचा नाही, एवढे त्यांनी पाहून घेतले होते.

साधारण सहाव्या महिन्यापर्यंत दूध तुटते. तोवर आणि त्यानंतरचे वर्षभर म्होरकी घालून घेणे, अंगभर हात फिरवू देणे, पाय उचलू देणे, दोन पावले मागे चालणे एवढे पुरेसे असते. उरलेला वेळ शिंगराने इतर घोड्यांबरोबर मोकळ्या जागेत काढावा. चावले तर समोरचा घोडा कान टाकतो, लाथ झाडतो, ही मर्यादा त्याला कळपच शिकवतो. एकट्याने, अगाडी-पिछाडी बांधून वाढलेल्या शिंगराला ही शाळा मिळत नाही.

पाठीवर वजन देण्यासाठी मात्र हाडे तयार व्हावी लागतात. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या वेगवेगळ्या वयात भरून येतात. पायाच्या खालच्या हाडांची वाढ लवकर थांबते, गुडघ्यावरच्या हाडाची अडीच वर्षांच्या आसपास आणि मणक्यांची सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत. म्हणजे दोन वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण दिसला, तरी स्वार ज्या पाठीवर बसणार ती कच्चीच असते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी जमिनीवरचे शिक्षण, तीन-चार वर्षांच्या दरम्यान हलकी आणि अल्पवेळ स्वारी आणि पाच वर्षांनंतर पूर्ण काम, हा सावध क्रम मानला जातो. पूर्ण वाढलेल्या घोड्यानेही खोगिरासह स्वाराचे वजन आपल्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच वाहावे असे म्हणतात. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यावर खोगीर धरून ७० किलो.

दातांचाही विचार करावा लागतो. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून कायमचे येतात. याच काळात दाढाही बदलत असतात. काहींना लगामाची कडी बसते त्या जागी एक लहानसा जादा दातही उगवतो. अशा तोंडात लोखंडी कडी घातली की घोडा डोके झटकतो आणि मालकाला ती खोड वाटते. त्यामुळे लगाम घालण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घेणे हे प्रशिक्षणाचेच पहिले पाऊल आहे.

जमिनीवरचे धडे कोणत्या क्रमाने?

पहिला धडा हात लावून घेण्याचा. खांद्यापासून सुरुवात करून पाठ, पोट, पाय, कान असे हळूहळू पुढे जायचे. शिंगरू सरकू लागले तर हात झटकन काढायचा नाही. ते क्षणभर स्थिर होईल तेव्हा काढायचा. नालबंद येण्याच्या कितीतरी आधी चारही पाय उचलून खूर साफ करू देण्याची सवय लागायला हवी. नाल ठोकण्याचा पहिला दिवस आणि पाय उचलण्याचा पहिला दिवस एकच असेल, तर तो धडा भीतीचाच होतो.

दुसरा धडा चालण्या-थांबण्याचा. माणूस शिंगराच्या खांद्याशी, दोर सैल. माणूस थांबला की शिंगराने थांबायचे, मागे सरकला की मागे सरकायचे. मग मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हलवणे. घाबरलेल्या घोड्याचा मागचा भाग बाजूला वळवता आला, तर त्याची सरळ उधळण्याची ताकद कमी होते. म्हणून पुढे स्वाराला हाच धडा सर्वाधिक उपयोगी पडतो.

तिसरा धडा अनोळखी वस्तूंचा. छत्री, ताडपत्री, फडफडणारे कापड, मोटारसायकल, ढोल यांची ओळख दुरून करून द्यायची. जिथून शिंगरू वस्तूकडे पाहते पण पळू पाहत नाही, ते अंतर निवडायचे. ते निवळले की वस्तू मागे न्यायची, मग थोडी जवळ आणायची. वरातीत जाणाऱ्या घोडीला बँड आणि फटाक्यांची ओळख अशीच, आधी लांबून आणि कमी आवाजात, अनेक दिवसांत विभागून व्हायला हवी. थेट पहिल्या वरातीत नव्हे.

चौथा धडा लांब दोरावर गोल फिरण्याचा. गनिमी काव्यातल्या ‘कावा’ या शब्दाचा एक जुना अर्थ घोड्याला असे गोल फिरवणे हाच आहे. येथे शिंगरू आवाजावर चालणे, दुडक्या चालीने जाणे, थांबणे शिकते. मात्र लहान वर्तुळात सतत फिरवल्याने कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. त्यामुळे वर्तुळ मोठे, वेळ दहा-पंधरा मिनिटांचा आणि दोन्ही दिशांना सारखा हवा. दमवून शांत करण्यासाठी हा दोर वापरू नये. दमलेले शिंगरू शिकत नाही आणि रोज पळवल्याने त्याचा दम मात्र वाढत जातो.

पाचवा धडा खोगिराचा. आधी पाठीवर घडी केलेली घोंगडी, मग पोटाभोवती सैल पट्टा, मग हलके खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. एक छिद्र, दोन पावले चालवणे, मग दुसरे छिद्र. लगामही असाच. आधी काही दिवस नुसता तोंडात, दोर म्होरकीलाच. त्यानंतर दोन लांब दोर लावून माणसाने मागून, सुरक्षित अंतर ठेवून आणि थोडे बाजूला राहून चालायचे. पाठीवर कोणी नसताना वळणे आणि थांबणे शिंगरू इथेच शिकते.

सहावा धडा वजनाचा. आधी शेजारी ओट्यावर उभे राहायचे, मग पाठीवर हात टेकायचे, मग पोटावर आडवे पडून क्षणभर भार द्यायचा आणि उतरायचे. रिकिबीत पाय ठेवून बसण्याचा दिवस येतो, तेव्हा शिंगराला नवीन असे फारसे काही उरलेले नसते. पहिली स्वारी म्हणजे चार-सहा पावले आणि उतरणे. चांगल्या रीतीने शिकवलेल्या घोड्याची पहिली स्वारी बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते आणि तेच तिचे यश असते.

या सगळ्यात माणसाच्या सुरक्षिततेचे नियम ठरलेले आहेत. दोर कधीही हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, डोक्यावर शिरस्त्राण आणि पायात मजबूत बूट हवेत, आणि सुरुवातीच्या दिवसांत एकट्याने काम करायचे नाही.

रोज किती वेळ शिकवावे?

कमी. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी. धडा जमला की तिथेच थांबायचे. ‘जमलेच आहे तर आणखी दहा वेळा करून घेऊ’ हा मोह बहुतेक दिवस बिघडवतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तट्टांचे गट करून काहींना आठवड्यातून एकदा, काहींना दोनदा आणि काहींना रोज तोच धडा दिला गेला. आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना तो कमी धड्यांत जमला, दिवस मात्र अर्थातच जास्त लागले. मधली सुट्टी वाया जात नाही, असा त्याचा अर्थ.

धड्याइतकेच महत्त्व उरलेल्या तेवीस तासांना आहे. मोकळे सोडल्यास घोडा दिवसातला बहुतांश वेळ चरण्यात घालवतो. दिवसभर खुंट्याला बांधलेला, चारा कमी आणि दाणा भरपूर असलेला घोडा शिकवायला बाहेर काढला की उड्या मारणारच. अशा वेळी लगाम बदलण्याआधी तोबरा आणि खुंटा यांचा विचार करायला हवा.

शांत घोडा आणि थिजलेला घोडा यात फरक काय?

जुन्या पद्धतीत घोड्याचा पाय बांधून त्याला पाडणे, तो हरेपर्यंत अंगावर पोती टाकत राहणे, उपाशी किंवा तहानलेला ठेवून वाकवणे असे प्रकार जगभर होते. काही वेळाने घोडा धडपडणे थांबवतो. बघणाऱ्याला वाटते, शिकला. प्रत्यक्षात आपण काहीही केले तरी सुटका नाही, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. मानसशास्त्रात या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात. असा घोडा महिनोनमहिने गरीब गाईसारखा वागतो आणि एखाद्या दिवशी, सहन न होणारा आवाज झाला की काहीही इशारा न देता उधळतो. कारण इशारा देऊन उपयोग नाही, हे त्याला फार आधी शिकवलेले असते.

शांत घोड्याचे कान फिरत असतात, खालचा ओठ सैल असतो, मान मध्यम उंचीवर असते, तो एक पाय सैल सोडून उभा राहतो. थिजलेल्या घोड्याचे कान स्थिर, डोळे पडल्यासारखे आणि तोंड घट्ट असते, श्वास रोखलेला असतो. डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, नाकपुड्या फुलणे, शेपटी आवळणे ही भीतीची लक्षणे आहेत. धडा देताना जीभ फिरवणे, चघळल्यासारखे करणे हे अनेकदा ‘समजले’ असे मानले जाते. ते बहुधा ताण ओसरत असल्याचे लक्षण असते. म्हणजे त्याआधी ताण होता, हेही ते सांगते.

ही पद्धत नवी आणि परकी आहे का?

अजिबात नाही. ग्रीक लेखक झेनोफोन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. शिंगरू शिक्षकाकडे जाण्यापूर्वीच माणसाळलेले असावे, त्याला गर्दीतून आणि आवाजांतून फिरवावे, रागाच्या भरात त्याच्याशी वागू नये, असा सल्ला त्यात आहे. भारतात शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची परंपरा आहे आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. भीमथडीच्या तट्टांवर दूरच्या मोहिमा करणाऱ्या मराठी फौजांनाही घोडा जगवण्याचे आणि राखण्याचे मोल ठाऊक होते.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात टॉम डोरन्स, रे हंट यांनी घोड्याच्या बाजूने विचार करणारी पद्धत रुजवली. माँटी रॉबर्ट्स यांनी १९८९ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्यासमोर विंडसर येथे तिचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे २००७ मध्ये स्थापन झालेल्या अश्वारोहण विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रशिक्षणाची तत्त्वे संशोधनाच्या आधारे मांडली.

‘सौम्य’ म्हटले की सगळेच सौम्य?

नाही, आणि इथेच ग्राहकाने सावध राहायला हवे. गोल रिंगणात घोड्याला मोकळे सोडून पळवायचे, तो वळून माणसाकडे आला की पळवणे थांबवायचे, ही पद्धत लोकप्रिय आहे. घोड्याने माणसाला ‘कळपाचा म्होरक्या मानले’ असे तिचे वर्णन होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हाच प्रयोग माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून केला. घोडे त्या गाडीकडेही वळू लागले. गाडीला कोणी म्होरक्या मानत नाही. पळण्याचा त्रास कधी थांबतो, एवढेच घोड्यांनी ओळखले होते. म्हणजे यात जादू नाही, दाब-सुटकाच आहे आणि दाब मोठा असेल तर ती पद्धत नावाने सौम्य असूनही घाबरवणारीच ठरते.

उलट, सौम्य म्हणजे सारे चालवून घेणेही नव्हे. लहान शिंगराने गमतीत मारलेली धडक तीन वर्षांनी बरगड्या मोडू शकते. माणसाच्या अंगावर न येणे, दोर ओढून न पळणे या मर्यादा पहिल्या दिवसापासून ठाम आणि रोज सारख्या हव्यात. एकाने लाड करायचे आणि दुसऱ्याने फटके द्यायचे, यात शिंगराला काहीच कळत नाही. घरात घोड्याला हाताळणाऱ्या सगळ्यांचे आणि मोतद्दाराचेही शब्द आणि इशारे एकच असावेत.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा घोड्यांनाही लागू आहे. त्याखालील ओझ्याच्या व ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार टोकदार काठी, काटेरी लगाम किंवा इजा करणारे टोकदार साहित्य वापरण्यास मनाई आहे. तरीही काटेरी लगाम वापरात दिसतात, कारण झटपट ताबा मिळतो. मात्र तोंडात जखम असलेला घोडा वेदनेपासून पळण्यासाठी आणखी जोर लावतो, आणि त्याला आवरण्यासाठी आणखी कडक लगाम शोधला जातो. नरम तोंडाचा घोडा एकदाच मिळतो. कडी टोचून निबर झालेले तोंड पूर्ववत करणे फार कठीण असते.

मग घाई का होते आणि तिची किंमत काय?

घाईचे कारण बहुतेक वेळा क्रौर्य नसते, खर्च असतो. काम न करणाऱ्या घोड्यालाही वैरण, दाणा, नालबंद, औषधपाणी लागतेच. दोन वर्षे नुसते पोसायचे, हे रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला परवडत नाही. त्यामुळे अडीच वर्षांचा घोडा ‘तयार’ म्हणून बाजारात उभा राहतो.

हिशेब मात्र लांबचा करावा लागतो. नीट सांभाळलेला घोडा वीस वर्षांच्या पुढेही जगतो. कच्च्या हाडांवर वजन घेतलेला घोडा उमेदीच्या वर्षांत लंगडा झाला, किंवा बुजरा म्हणून कामातून गेला, तर वाचवलेल्या दोन वर्षांच्या बदल्यात दहा वर्षे हातची जातात. ज्याला ताबडतोब काम करणारा घोडा हवा, त्याने शिंगरू घेऊ नये. सहा-सात वर्षांचा, शिकलेला घोडा महाग वाटला तरी स्वस्त पडतो. आणि ज्याने घोडा कधी हाताळलेला नाही, त्याने कोवळा घोडा एकट्याने शिकवायला घेऊ नये. दोघेही शिकाऊ असले की दोघेही दुखावतात.

बाजारात शिंगरू पाहताना धावपळीतही काही गोष्टी तपासता येतात. म्होरकी घालताना ते डोके वर उचलते का, शेजारच्या घोड्यापासून दूर चालत नेता येते का, चारही पाय उचलू देते का, ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांचे व्रण आहेत का. शक्य असेल तर एकाच दिवशी दोनदा, वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहावे. सकाळी दमवून उभा केलेला घोडा संध्याकाळी वेगळा दिसू शकतो. घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहीही शिकवू नये. नवी जागा, नवे पाणी, नवे आवाज हेच त्याच्यासाठी पुरेसे धडे असतात. या दिवसांत माणसाने करायचे काम एकच. रोज ठरल्या वेळी जाऊन शेजारी उभे राहायचे, आणि शिंगरू आपणहून जवळ येईपर्यंत थांबायचे.